मनात अढी असेल त्या दिवशी

“इथे बस. अशी, माझ्यासमोर... भिंतीशी नाही बोलत मी, तुझ्याशी बोलतेय!”

धाकटीच्या हातातलं कोमट पाण्याचं भांडं हिंदकळलं आणि निम्मं पाणी तिच्याच पायांवर सांडलं. नऊ वर्षं! नऊ वर्षांत थोरल्या बहिणीने तिला ‘तू’ म्हणून एकदाही हाक मारली नव्हती. एकाच छपराखाली राहायचं, एकाच चुलीवरचं जेवायचं, आणि तरी ताईला काही हवं असलं की ती भिंतीकडे बघून म्हणायची, “कुणीतरी खिडकी लावा,” “कुणीतरी चहा ठेवा.” ते ‘कुणीतरी’ म्हणजे आपण, हे धाकटीने पहिल्या आठवड्यातच ओळखलं होतं. तिने खिडकी लावली, चहा ठेवला, आणि चार महिन्यांपूर्वी पोटातल्या आजाराने ताईने अंथरूण धरलं तेव्हापासून तिचं अंग पुसणं, कूस बदलणं, चादरी धुणं, सगळं सगळं केलं... पण ‘कुणीतरी’ होऊनच! आणि आज ही हाक!

ती पलंगाच्या कडेवर न बसता समोरच्या स्टुलावर बसली. कडेवर बसायचा हक्क आपल्याला आहे की नाही, हे तिला ठरवता येईना.

“डॉक्टर काल दाराबाहेर तुला काय म्हणाले ते ऐकलंय मी,” ताई म्हणाली. “कुजबुजायचं तर माणसाने जरा लांब जाऊन कुजबुजावं. आठवडा म्हणाले ना?”

“ताई, डॉक्टरांचं काय मनावर घेतेस...”

“पुरे. उद्या दुपारी फादर येणार आहेत. मला प्रभूची भाकर घ्यायची आहे. नऊ वर्षं घेतली नाही मी, आणि का घेतली नाही ते साऱ्या वस्तीला ठाऊक आहे.” तिला धाप लागली. धाकटी पुढे झाली तशी तिने हातानेच थांबवलं. “त्याआधी हे मिटवायचंय मला. पण एकदा तुझ्या तोंडून ऐकू दे. त्या दिवशी फाटक कुणी उघडं ठेवलं? सांग. इतक्या वर्षांत तू एकदाही तोंडाने सांगितलं नाहीस.”

ज्या प्रश्नाला धाकटीने नऊ वर्षं नुसती मान खाली घालून उत्तर दिलं होतं, तो आज तिच्यासमोर जीभ मागत होता!

त्या घरात दोन कामं चालत. पुढच्या खोलीत बाबांचं कुलपांचं दुकान आणि मागच्या खोलीत आईचा लोखंडी साचा. साचा म्हणजे लांब दांड्यांची, दोन जड पात्यांची पकड. ती तापवायची, नुसतं पीठ आणि पाणी कालवून पळीभर मधे ओतायचं, पातं मिटायचं, मनाशी दहा मोजायचे आणि उघडायचं, की कागदासारखा पातळ पांढरा पापुद्रा निघायचा. त्याच्या गोल चकत्या कापायच्या आणि दर शनिवारी देवळात पोचवायच्या. रविवारी वेदीवरून साऱ्या वस्तीला जी भाकर मिळे, ती या मागच्या खोलीतली. आईला हे काम तिच्या आईकडून आलं होतं आणि कामाबरोबर एक नियमही आला होता. मनात अढी असेल त्या दिवशी साचा तापवायचा नाही. सरळ सांगायचं, आज माझ्याने होत नाही. त्यात लाज कसली! वर्षातून एकदोनदा तरी आई ते वाक्य म्हणायचीच, आणि मग पुढच्या खोलीतून बाबांचा आवाज यायचा, “आज आमचं काहीतरी चुकलेलं दिसतंय!” संध्याकाळपर्यंत ती हसून साचा तापवायची.

आई गेली आणि साचा दोघी बहिणींकडे आला. ताई लग्नानंतर तीन वर्षांतच कपाळ पुसून, तान्ही छकुली कडेवर घेऊन माहेरी परतली होती. ताई ओतायची, धाकटी कापायची, आणि छकुली मधे बसून कापलेल्या कडांचे तुकडे मटकवायची. ‘माझी लेक देवाआधी जेवते,’ असं ताई म्हणायची. त्या पोरीवर तिचा जीव नुसता ओवाळून टाकलेला असायचा, कारण जगात तिचं म्हणून दुसरं काही उरलंच नव्हतं.

त्या शनिवारी ताई चकत्यांचा डबा घेऊन देवळात गेली होती. धाकटी मागे भांडी घासत होती. छकुली अंगणात बाबांजवळ खेळत होती आणि फाटकाला उंचावर कडी होती. चार वर्षांच्या पोरीचा हात तिथे पोचणं शक्यच नव्हतं. अहो, कुलूपवाल्याच्या घरचं फाटक! वस्तीत कुणाचं दार नीट लागेना तर लोक बाबांना बोलवायचे. त्यांच्या स्वतःच्या दाराची काळजी कुणी करावी? पण बाबांच्या स्मरणाला त्या वर्षी वाळवी लागली होती. त्यांनी कडीला तेल द्यायचं म्हणून ती स्क्रू काढून फाटकावरून उतरवली, तेल आणायला आत आले, आणि कशाला आलो तेच विसरून खुर्चीवर बसून राहिले. रस्त्यावर दुधाची गाडी मागे घेत होते...

ते सांगून काय करायचं! धाकटी धावली तेव्हा सगळं संपलं होतं.

माणसं गोळा झाली, ताईला धरून आणलं, आणि त्या आकांतात धाकटीला दिसलं, की फाटकावर कडीच नाही, नुसती चार भोकं आहेत. ती बाबांकडे गेली. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून ती कडी आणि चार स्क्रू काढून तिच्यापुढे धरले आणि निरागसपणे विचारलं, “हे काय आहे गं?” तिने ते त्यांच्या हातातून घेतलं. सगळे आत असताना, स्वतःच्या रडण्याने काही दिसत नसताना तिने ती कडी जागेवर बसवली. का बसवली? तिला नीट सांगता आलं नसतं. एवढंच तिला कळत होतं, की हे बाबांना कळलं तर ते त्याच दिवशी मरतील, आणि ताईला कळलं तर तिचं लेकरू आणि बाप दोन्ही एकाच दिवशी जातील.

“फाटक कुणी उघडं ठेवलं?” ताईने किंचाळून विचारलं तेव्हा बाबा खुर्चीवर बसून हात पुसत होते. धाकटीने मान खाली घातली. बस्स, तेवढंच. तेवढ्यावरून नऊ वर्षं गेली.

आणि ती वर्षं कशी गेली म्हणता? तोंड दाबून बुक्क्यांचा मार! तिचं लग्न ठरलं होतं, दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या घड्याळजीशी. त्याच्या आईने निरोप पाठवला, की जिला बहिणीचं एक पोर तासभर सांभाळता आलं नाही, तिच्या ओटीत आमची नातवंडं कुणी द्यावी? घड्याळजीने वर्षभर वाट पाहिली आणि मग दुसरीकडे लग्न केलं. ताईने त्या दिवसापासून साचाही सोडला आणि भाकरही. “माझ्या मनात अढी आहे,” असं तिने फादरांना भर अंगणात सांगितलं, आणि वस्तीला तिचा तो सच्चेपणा फार थोर वाटला. साचा एकट्या धाकटीकडे आला. देवळाच्या दारात मेणबत्त्या विकणाऱ्या काकू तर तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, “बघा! पोर गमावलेली उपाशी, आणि फाटक उघडं टाकणारी देवाची भाकर भाजते. काय काळ आलाय!” लोकांची तोंडं कुणी धरायची? धाकटी मुकाट्याने मागच्या बाकावर जाऊन बसायची.

मात्र दर शुक्रवारी साचा चुलीवर ठेवण्याआधी ती स्वतःला विचारायची, माझ्या मनात ताईविषयी अढी आहे का? आणि प्रत्येक वेळी आतून उत्तर यायचं, नाही. तिला ठाऊक नाही. ठाऊक नसणाऱ्याचा राग काय धरायचा? त्या एका विचाराच्या आधारावर ती जगली. बाबा त्यानंतर पाच वर्षं होते. ताईने त्यांना घास भरवले, त्यांची नखं कापली, ते ‘छकुली कुठे गेली?’ म्हणून विचारायचे तेव्हा ‘शाळेत’ म्हणून सांगितलं. ते बघताना धाकटीला वाटायचं, आपण गप्प राहिलो ते बरंच केलं...

आणि आज ताई विचारत होती, तोंडाने सांग!

खरं सांगावं? बाबांचं नाव घ्यावं? ज्या बापाच्या सेवेवर ताईने आपलं उरलेलं आयुष्य वाहिलं, त्याला मरणाच्या दारात तिच्यापासून हिरावून घ्यावं? आणि खोटं बोलावं तर तेही असं, प्रभूची भाकर घरात येण्याच्या आदल्या दिवशी! धाकटी आयुष्यात कधी तोंडाने खोटं बोलली नव्हती. ती फक्त गप्प बसली होती. देवा, मला शिक्षा कर, पण हिला शांतपणे जाऊ दे, असं मनात म्हणून तिने मान वर केली.

“हो ताई. फाटक मीच उघडं ठेवलं.”

ताईने डोळे मिटले. मिटलेल्या पापण्यांखालून पाणी वाहू लागलं.

“खोटं,” ती म्हणाली.

“ताई?”

“खोटं बोललीस. नऊ वर्षांत पहिल्यांदा बोललीस आणि तेही खोटं!” तिने धाकटीचा हात धरला; त्या वाळक्या बोटांना एवढी ताकद कुठून आली कोण जाणे. “मी कुलूपवाल्याची मुलगी आहे गं. बाबा स्क्रू पिळायचे तेव्हा शेवटी सगळ्यांच्या खाचा उभ्या करायचे, आठवतंय? वाकडी खाच त्यांना खपायची नाही. छकुलीला मातीत ठेवून आले, तिसऱ्या दिवशी फाटकाला हात लावला... तर चारही स्क्रू वाकडेतिकडे, आणि एकाची खाच सोललेली. बाबांचा हात नव्हता तो. तो तुझा होता. कडी आधी निघाली होती, म्हणून तुला बसवावी लागली. आणि आपल्या घरात कडी काढणारा माणूस एकच होता.”

धाकटीने आपला हात हळूच सोडवून घेतला.

“तिसऱ्या दिवशी?” तिने विचारलं. “तुला तिसऱ्या दिवसापासून... ठाऊक होतं?”

“बाबांवर कशी रागावू मी? ते माझ्याकडे तोंड उघडून घास मागायचे! पण माझं पोर गेलं होतं... कुणावर तरी राग काढायलाच हवा होता, नाहीतर मी वेडी झाले असते. तू मान खाली घातलीस. मला... मला सोयीचं झालं गं.” ताई हुंदक्यांनी गदगदत होती. “भाकर सोडली ती काय तुझ्यावरच्या रागाने? लोकांना तसं वाटू दिलं मी! मी काय करतेय ते मला दिसत होतं, म्हणून हात पुढे होईना. आज वाटलं, तू खरं बोलशील, ओरडशील माझ्यावर. ओरडली असतीस तर मागणं सोपं झालं असतं... धाकटे, मला क्षमा कर!”

माणसाला वाटतं, आपण फार सोसलं, आता आपल्या मनाला काही लागायचं नाही. धाकटीलाही तसंच वाटत होतं. पण त्या क्षणी तिच्या आत जे पेटलं, त्याने ती स्वतःच घाबरली.

“सोयीचं?” ती उठून उभी राहिली. “माझ्या हातचं पाणी पिताना तू भिंतीला हुकूम सोडायचीस! माझं लग्न मोडलं तेव्हा पलीकडच्या खोलीत बसून ऐकत होतीस! एक शब्द, ताई... घड्याळजीच्या आईला तू एक शब्द बोलली असतीस! मी दर शुक्रवारी तुला माफ करत होते. का, तर तुला ठाऊक नाही म्हणून! न कळता केलेल्याला माफ करणं काय, कुणीही करेल! तू कळून केलंस!”

“कळून केलं,” ताई म्हणाली.

“मग मला नाही जमायचं!”

आणि पाण्याचं भांडं तिथेच टाकून ती खोलीबाहेर पडली. त्या रात्री तिने ताईचं सगळं केलं, औषध दिलं, उशी बदलली. पण एक अक्षर बोलली नाही. आता गप्प बसण्याची पाळी तिची होती, आणि त्यात तिला एक भयंकर सुख होत होतं हे तिला स्वतःपासून लपवता येईना.

शुक्रवारी सकाळी तिने पीठ कालवलं, चूल पेटवली, साचा ठेवला. नेहमीप्रमाणे मनाला प्रश्न विचारला... आणि हात जागच्या जागी थांबला. तिने चूल विझवली, पदराला हात पुसले आणि देवळाच्या मागे फादरांच्या खोलीवर गेली. फादर म्हातारे होते, गुडघ्यांनी बेजार होते आणि तापट म्हणून प्रसिद्ध होते. ते बूट शिवत बसले होते.

“फादर, आज माझ्याने होत नाही.”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “आजारी आहेस?”

“नाही. अढी आहे.”

“रविवारी चारशे माणसं येतील पोरी. पेटीत आजाऱ्यांपुरत्या चार चकत्या आहेत, आणि माझ्या वेदीपुरती एक.”

“ठाऊक आहे मला.”

“बरं,” फादर म्हणाले. “मग या रविवारी भाकर नाही.”

ती चकित झाली. तिला वाटलं होतं, ते रागावतील, समजावतील, निदान कारण तरी विचारतील. त्यांनी काहीच विचारलं नाही, म्हणूनच तिने सगळं सांगितलं. कडी, स्क्रू, बाबांचा खिसा, ताईचं ते ‘सोयीचं’. सांगताना ती दातओठ खात होती आणि रडत होती. फादर बूट बाजूला ठेवून ऐकत राहिले.

“तुम्ही आता क्षमा कर म्हणून सांगाल,” ती म्हणाली. “तुमचं कामच आहे ते. रोज प्रार्थनेत आपण तेच म्हणतो, मी जशी करते तशीच मलाही मिळो. मला कळतं हो! पण आत राग आहे. तो गेल्याशिवाय कुठल्या तोंडाने म्हणू?”

“कधी जाईल राग?”

“मला काय माहीत!”

“मलाही माहीत नाही. माझ्या भावावरचा माझा राग जायला अकरा वर्षं लागली, आणि तो सातव्या वर्षीच मेला.” फादरांनी गुडघ्यावर हात टेकून उठायचा प्रयत्न केला, जमेना, परत बसले. “मी शहाणा, मन साफ होण्याची वाट बघत बसलो होतो. तुझी ताई थांबायची नाही. राग असू दे जागेवर. तू उठून जा. आणि मला आधी हात दे, हे गुडघे काही ऐकत नाहीत.”

दोघं एकत्रच घरी आले. ताईचा चेहरा रात्रीतून आणखी ओढला होता. फादर दाराशीच थांबले. धाकटी आत गेली, आणि या वेळी पलंगाच्या कडेवर बसली.

“ताई, केली क्षमा.”

ताईने बराच वेळ तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. कुलूपवाल्याची मुलगी ती. तिला एवढ्यावर कसं पटणार! “मनापासून?”

धाकटीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. काल खोटं बोलून झालं होतं, आज बोलवेना. “नाही ताई... मनापासून नाही. मन अजून भांडतंय. पण मी केली. परत घेणार नाही. मनाचं मन बघून घेईल, ते येईल मागून!”

आणि ताई हसली! ओठ सुकलेले, गालांची हाडं वर आलेली, तरी हसली, आणि हसता हसता तिचा बांध फुटला. “आईसारखीच आहेस गं... एवढं तरी खरं बोललीस!” दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. नऊ वर्षांनी धाकटीला ताईच्या केसांचा वास आला, औषधाचा आणि घामाचा, आणि तिने तो सोडला नाही.

भाकर घेण्याआधी ताईने फादरांना कागद काढायला लावला. “लिहा,” ती म्हणाली, “आणि माझ्या मातीच्या वेळी सगळ्यांसमोर वाचा. फाटक माझ्या बहिणीने उघडं ठेवलं नव्हतं. ते मला पहिल्यापासून ठाऊक होतं. तिची मी गुन्हेगार आहे.” फादरांनी लिहिलं. ताईने सही केली. धाकटी कोपऱ्यात उभी होती, आणि खरं सांगायचं तर तिने नको म्हटलं नाही! तिचं काळीज आनंदाने धडधडत होतं. आता मेणबत्तीवाल्या काकूंना ऐकू जाईल, घड्याळजीच्या आईला ऐकू जाईल, सगळ्या वस्तीला कळेल... तिला ते हवं होतं, अगदी हवं हवं होतं.

ताईने भाकर घेतली. तिला गिळायला त्रास झाला. धाकटीने चमच्याने पाणी पाजलं. शनिवारी दुपारी, बहिणीच्या मांडीवर डोकं ठेवून, ‘छकुली कुठे आहे गं?’ एवढंच विचारून ती गेली.

रविवारी वेदीवरून कुणाला भाकर मिळाली नाही. फादरांनी एवढंच सांगितलं, की भाजणाऱ्याने या आठवड्यात खरं बोलून काम नाकारलं, आपण सगळे आज उपाशी बसू आणि आपापल्या अढ्या आठवू. माणसांत कुजबुज झाली. एरवी भाकरीच्या वेळी उठून बाहेर जाणारे लोकही त्या दिवशी बसून राहिले, आणि कित्येकांनी खाली मान घालून काय आठवलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. ताईची शवपेटी मधेच ठेवलेली होती.

मातीला निघायच्या आधी फादर धाकटीपाशी आले. त्यांच्या हातात तो कागद होता.

धाकटीने पेटीकडे पाहिलं. झाकण खिळ्यांनी बंद झालं होतं. आता हा कागद वाचला जाईल आणि चारशे तोंडं एकदम उघडतील. काय बाई हे, सख्ख्या बहिणीला असं छळलं! नि हिने नाही तर मग तो म्हातारा कुलूपवालाच, स्वतःच्या नातीला! आणि आतली ताई काय उत्तर देणार? पलीकडे मातीत बाबा आणि छकुली शेजारी शेजारी होते, ते काय उत्तर देणार? जिवंत होती ती एकटी, आणि तोंडही तिला एकटीलाच होतं. तिने मनात डोकावून पाहिलं. राग होता. अजून होता, गेला नव्हता! पण कागद वाचून तो शमला असता असंही तिला वाटेना.

“नका वाचू, फादर.”

“तिची इच्छा होती. आणि खरं दडवायचं नसतं.”

“तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, वर त्याला ठाऊक आहे. आणखी किती जणांना कळल्यावर ते खरं होणार आहे?” तिचा आवाज फाटला. “मी माफ केलंय तिला. माफ केल्यावर पुन्हा सगळ्यांसमोर उभं करू तिला? ठेवून द्या तुमच्यापाशी. मी मेल्यावर वाचा.”

“तोवर मी कुठला जगतोय!” फादर म्हणाले, पण त्यांनी कागदाची घडी घातली आणि झग्याच्या खिशात ठेवली. त्यांचे डोळे भरून आले होते.

माती देऊन झाली. माणसं दोन दोन, तीन तीन करून फाटकाकडे निघाली. धाकटी नखांतली माती काढत उभी होती, तेवढ्यात मेणबत्तीवाल्या काकू तिच्यापाशी आल्या आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्यांच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं.

“फादर सांगत होते, शुक्रवारी तुम्हा दोघींचं बोलणं झालं म्हणून. शेवटी थोरलीने माफ केलं हो तुला! एवढं पोर गेलं तिचं, तरी माफ केलं. असं मन सगळ्यांना नसतं. जन्मभर तिचे उपकार विसरू नकोस हो.”

एक शब्द, फक्त एक शब्द, आणि नऊ वर्षांचा डाग धुऊन निघाला असता. धाकटीने काकूंचा सुरकुतलेला हात आपल्या हातात घेतला.

“नाही विसरणार काकू,” ती म्हणाली.